खाजणातला चिखल आणि उत्तरेकडची दलदल



गोरेगाव स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून लिंक रोड ओलांडला, की बांगूरनगरच्या मागे घरे संपतात आणि तिवरांचे रान लागते. हे मालाडच्या खाडीचे खाजण. आरेच्या डोंगरात उगम पावलेली ओशिवरा नदी याच खाडीला येऊन मिळते. नदी म्हणायचे ते जुन्या सवयीने. आज तिच्या पात्रातून वाहते ते बहुतेक सांडपाणीच. ओहोटीच्या वेळी तिकडून वारा सुटला, की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. रिक्षातली माणसे नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, "खाडी सडली!"

शहराच्या घाणीचा वाटा त्या वासात आहे, हे खरेच. पण जिथे गटाराचा थेंबही पोचत नाही अशा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या खाजणात गुडघाभर पाय रुतवून बाहेर काढा. तिथेही हा वास थोडा येतोच. चिखलात हवा शिरत नाही आणि आतला पालापाचोळा धड सडत नाही, त्याची ही खूण आहे. हे जे धड न सडणे, त्याच्यावर पृथ्वीच्या हवेचा पुष्कळसा हिशेब अवलंबून आहे. आजचे माझे बोलणे त्याच्याविषयी आहे, आणि त्यासाठी तुम्हांला गोरेगावहून थेट सैबेरिया-कॅनडापर्यंत आणि वाटेत चंद्रपूरलाही घेऊन जाणार आहे.

आधी सडणे म्हणजे काय ते पाहू. शेतकरी बांधवांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. उकिरड्यात वर्षभर शेण, काडीकचरा, गवत, पाला पडतो. गाड्याच्या गाड्या पडतात. वैशाखात खत उपसायला जावे, तर भरते किती? घातलेल्याच्या मानाने थोडेच. मग बाकीचे गेले कुठे? पावसाबरोबर काही वाहून गेले असेल. पण मोठा भाग हवेत गेला. झाडाचे पान उन्हाच्या बळावर हवेतला कर्बद्विप्राणिल वायू, ज्याला हल्ली सगळेच कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो ओढून घेते आणि त्यातल्या कर्बापासून आपले शरीर बनवते. पान गळून पडले, की जमिनीतले सूक्ष्म जीव ते खातात आणि तो वायू पुन्हा हवेला परत देतात. उसनवारीचा व्यवहार आहे. कोरड्या, मोकळ्या जमिनीत हे उसने थोड्याच काळात फिटते. तुमच्या माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' म्हणून जो आकडा असतो, तो या उसनवारीत मागे राहिलेला शिल्लक कर्ब. आपल्याकडच्या कित्येक शेतांत तो शेकड्यात अर्धासुद्धा भरत नाही. आपल्या उष्ण हवेत जमीन कर्ब फार दिवस धरून ठेवत नाही.

पण सूक्ष्म जीवांना हे काम झपाट्याने करायचे, तर प्राणवायू लागतो. तो नसला तर?

घरात लोणचे घालतात, त्याचेच पाहा ना. कैरीची फोड उघड्या ताटलीत राहिली तर चार दिवसांत बुरसटते, आणि तीच बरणीत घातली तर दोन-दोन वर्षे टिकते. बरणीत मीठ आहे, आंबटपणा आहे आणि वर चार बोटे तेल उभे आहे. त्या तेलाने हवेला दार बंद केले. म्हणून तर घरची वडीलधारी मंडळी बजावून सांगतात, की फोडी तेलाच्या वर येऊ देऊ नका. विहिरीच्या तळाशी जांभळाचे लाकूड घालायची आपल्याकडची पद्धतही याच जातीची. पाण्याखाली बुडालेले लाकूड पिढ्यान्पिढ्या टिकते, आणि तेच बाहेर पावसात पडले तर काही वर्षांत त्याचा भुगा होतो. हवेत प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी तो पाण्यात मंद पसरतो. पाणी साचून राहिले, की तळाशी असलेला प्राणवायू संपतो आणि नवा येऊन पोचत नाही.

मुंबईच्याच पोटात याचा एक नमुना सापडला होता. १८७५ ते १८८० या वर्षांत मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक बांधली, तेव्हा खोदकाम करताना समुद्राच्या चिखलाखाली एक आख्खे जंगल लागले. तीनशेहून अधिक झाडे. त्यांतली कितीतरी मुळांवर उभी होती तशीच. लाकूड खैराचे होते. खैर हे काही खाऱ्या पाण्यातले झाड नव्हे. ते कोरड्या माळावर, डोंगरउतारावर वाढणारे. तेव्हा कधीकाळी तिथे कोरडी जमीन होती, पुढे ती समुद्राखाली गेली आणि निळसर चिखलाने ते खैराचे रान जसेच्या तसे बरणीत घालून ठेवले. गोदीतल्या मजुरांची पहार त्याच्यावर पडेपर्यंत ते कोणाला ठाऊकही नव्हते.

आता उत्तरेला जाऊ. कॅनडा, सैबेरिया, फिनलंड, स्कॉटलंड, आयर्लंड हे सगळे देश, किंवा त्यांचा बराच भाग, शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली किंवा गोठलेल्या अवस्थेत होता. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीपासून ते बर्फ हटत गेले. मागे राहिली सपाट, खोलगट जमीन. पाणी साचायला जागा पुष्कळ, उतार नाही, ऊन कमी. अशा जागी दलदल झाली आणि तीत शेवाळ वाढू लागले. या शेवाळाचे नाव स्फॅग्नम. आपल्या ओल्या भिंतीवर येते तसे हे क्षुल्लक शेवाळ नव्हे. ते आपल्या वजनाच्या दहा-वीसपट पाणी धरून ठेवते आणि आजूबाजूचे पाणी आंबट करून सोडते. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस कमी पडला, तेव्हा ब्रिटनमध्ये हेच शेवाळ वाळवून पट्ट्यांत भरत होते. कारण ते रक्त शोषते आणि त्यात जखम सहसा चिघळत नाही. तेव्हा बघा, या बरणीला कुलपे किती झाली! पाण्यामुळे हवा नाही, शेवाळामुळे आंबटपणा आहे, आणि वरून थंडी. वर नवे शेवाळ वाढते, खालचे मरते, पण पुरते कुजत नाही. थरावर थर बसतात. या तपकिरी, ओलसर, तंतुमय पदार्थाला पीट म्हणतात. वाळवला तर त्यात जवळजवळ निम्मा कर्ब असतो. आपल्या शेतातल्या शेकडा अर्ध्याशी हे ताडून पाहा, म्हणजे फरक ध्यानात येईल.

पीट साचण्याचा वेग मात्र मुंगीचा आहे. वर्षाला एक मिलिमीटर वाढ झाली तर पुष्कळ म्हणायची. पुरुषभर थर साचायला दीड-दोन हजार वर्षे लागतात. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्या दिवसापासून आजपर्यंत एखाद्या दलदलीत जेमतेम एक फूटभर पीट वाढले असेल.

या बरणीत काय काय टिकते, त्याची एक गोष्ट सांगतो. १९५० साली डेन्मार्कमध्ये टोलुंड नावाच्या ठिकाणी पीट कापणाऱ्या माणसांना एका माणसाचे प्रेत सापडले. चेहरा इतका ताजा, कपाळावरच्या सुरकुत्या, हनुवटीवरचे खुंट इतके स्पष्ट, की ताजा खून झाला असे समजून त्यांनी पोलिसांना बोलावले. गळ्याभोवती दोर होता, तेव्हा संशय यायला जागाही होती. तपास झाला, आणि कळले की हा माणूस मरून सुमारे २४०० वर्षे झाली आहेत. त्याने मरण्यापूर्वी काय खाल्ले होते तेसुद्धा शास्त्रज्ञांना पोटातून ओळखता आले. सातू, जवस आणि रानटी बियांची ती पेज होती.

एका माणसाचे जे झाले, तेच त्या दलदलीत पडलेल्या प्रत्येक काडीचे झाले. उत्तर गोलार्धातील पीटची जमीन सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटर भरते. भारताच्या क्षेत्रफळापेक्षाही ती थोडी जास्तच. तीत साठलेला कर्ब सुमारे ४०० अब्ज टन, म्हणजे चाळीस हजार कोटी टन असावा असा २०२० सालचा अंदाज आहे. आकडा मोठा आहे, कानावरून निघून जाईल, म्हणून दुसऱ्या रीतीने सांगतो. आज पृथ्वीभोवतीच्या सबंध हवेत जेवढा कर्ब आहे, त्याच्या जवळजवळ निम्मा हा झाला. जगातल्या सगळ्या जंगलांत उभ्या असलेल्या झाडांत आहे त्याहून हा जास्त. आणि सारे जग मिळून वर्षाला जेवढा कोळसा, तेल आणि वायू जाळते, त्यातून जो कर्ब हवेत जातो, तो दहा अब्ज टनांच्या घरात आहे. म्हणजे दहा-बारा हजार वर्षांत शेवाळाने काडीकाडीने जे साठवले, तेवढे आपण चाळीस वर्षांत धुराड्यातून सोडतो.

आपल्याकडे पीट नाहीच असे समजू नका. निलगिरीच्या पठारावर, उटकमंडच्या परिसरात, दलदलीच्या दऱ्यांतून ते आहे. तिथल्या थरांची तपासणी करून आपल्याच शास्त्रज्ञांनी दक्षिणेतल्या गेल्या वीस हजार वर्षांच्या पाऊसपाण्याचा इतिहास १९९३ साली मांडला. कोणत्या काळी गवत फार होते, कोणत्या काळी झाडी, हे त्या थरांतला कर्ब सांगतो. चिखल म्हणजे जुनी बखरच, वाचणारा पाहिजे.

पण आपले खरे पीट आहे विदर्भात, आणि त्याला आपण पीट म्हणत नाही, कोळसा म्हणतो. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या भागांतला कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांचा आहे. तो बनला तेव्हा हिंदुस्थानची भूमी आजच्या जागी नव्हती. ती दक्षिण गोलार्धात, ध्रुवाकडच्या थंड प्रदेशात, आफ्रिका-ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकाला चिकटलेली होती. उन्हाळ्यात सत्तेचाळीस अंशांनी भाजणाऱ्या चंद्रपुरात एकेकाळी हिमनद्या होत्या, असे सांगितले तर तिथला माणूस हसेल! पण त्या हिमनद्यांनी घासून ओरखडे काढलेले खडक तिथून जवळच, पैनगंगेच्या पात्रात, भूशास्त्रज्ञांना १८७० नंतरच्या दशकात सापडले. ते बर्फ वितळले, सखल भागांत दलदली झाल्या, जिभेच्या आकाराची पाने असलेली ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडे त्यांत वाढली, पडली आणि न कुजता साचली. आज कॅनडात जे चालले आहे, हुबेहूब तसे नसले तरी त्याच वळणाचे ते काम होते. पुढे त्या थरांवर वाळू-माती साचली, दाब पडला, उष्णता मिळाली, आणि पीटचा कोळसा झाला.

तेव्हा दलदलीत कर्ब दीर्घकाळ साठवणे म्हणजे काय, याचे उदाहरण पाहायला मराठी माणसाला परदेशी जायला नको. दार नीट बंद राहिले तर तो पंचवीस कोटी वर्षेसुद्धा राहतो. दार आपण उघडले. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. तिथे तो साठा रोज रेल्वेने आणि पट्ट्यांवरून येतो आणि धुराड्यातून जातो. मी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. तुम्ही आज हे भाषण ज्या विजेवर ऐकता, तीत त्या धुराचा वाटा असण्याचा संभव आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. उत्तरेकडची बरणी अजून बंद आहे, पण तिच्या झाकणाला तडे जाऊ लागले आहेत. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. त्यामुळे पृथ्वी तापते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण सगळीकडे सारखी तापत नाही. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, आणि पीटचा मोठा साठा नेमका त्या बाजूला आहे. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग बारमाही गोठलेल्या जमिनीत आहे. गोठलेली जमीन सुटली, की सूक्ष्म जीवांना हजारो वर्षांचे राखून ठेवलेले ताट मिळते.

"पण साहेब," कोणी म्हणेल, "उष्णता वाढली तर तिकडे शेवाळही जास्त वाढेल ना?" शंका रास्त आहे. थंड देशात वाढीचे दिवस आधीच कमी. ते वाढले तर हिरवळ वाढते, आणि काही दशके अतिउत्तरेकडच्या दलदली जास्त कर्ब साठवतील असेही काही शास्त्रज्ञांचे गणित आहे. पण जमेची बाजू वाढली, तसा खर्चही वाढतो. कुठली बाजू जड पडते हे पाहण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात एक प्रयोग २०१५ साली सुरू झाला. एका जुन्या दलदलीवर पारदर्शक भिंतींची, वरून उघडी, अशी दहा घरे उभारली. आतली हवा तापवली आणि खालचा चिखलही दोन मीटरपेक्षा खोलपर्यंत तापवला. कुठे दोन-सव्वादोन अंश जास्त, कुठे साडेचार, असे करत नऊ अंशांपर्यंत. तीन वर्षांचा हिशेब २०२० साली बाहेर आला. तापवलेल्या प्रत्येक घरात दलदलीची शिल्लक घटत होती. जेवढी उष्णता अधिक, तेवढी घट अधिक. स्फॅग्नम शेवाळ वाळत चालले आणि त्याच्या जागी झुडपे वाढली. हजारो वर्षे साठवणारी जमीन खर्च करू लागायला तीन वर्षे पुरली.

इथे मिथेनविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण दलदलीची बाजू मांडताना ते पुष्कळदा लपवले जाते. हवा नसलेल्या चिखलात काही जीव मिथेन तयार करतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सत्तावीस-अठ्ठावीसपट उष्णता अडवतो. म्हणजे ओली दलदलही अगदी निष्पाप नाही. पण मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत विरतो, आणि साठवलेला कर्ब हजारो वर्षे राहतो. एवढ्या मुदतीचा ताळेबंद मांडला, तर ओल्या दलदलीने पृथ्वी थंडच ठेवली आहे. सुकवलेली दलदल मात्र सगळीकडूनच नुकसानीची.

आणि सुकवणे हे काम उष्णतेच्याही आधी माणसाने केले. मॉस्कोच्या पूर्वेला शातुरा येथे पीट जाळून वीज करण्याचे केंद्र होते. त्यासाठी त्या भागातल्या दलदलीत चर खणून पाणी काढून टाकले. पुढे पीटची गरज कमी झाली, कामगार गेले, सुकलेली जमीन तशीच राहिली. २०१० च्या कडक उन्हाळ्यात तिला आग लागली आणि मॉस्को शहर कित्येक दिवस धुरात बुडाले. मुंबईकरांना याची थोडीशी कल्पना येईल. २०१६ च्या जानेवारीच्या शेवटी देवनारच्या कचराभूमीला आग लागली होती, तेव्हा वरून पाणी मारले तरी आत धुमसत राहिली, चेंबूर-गोवंडीच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पीटची आग तशीच. ज्वाळा दिसत नाही. जमिनीखाली भट्टीसारखी धुमसते. सैबेरियात आणि अलास्कात तर अशा आगी शरद ऋतूत विझल्यासारख्या दिसतात, बर्फाखाली हिवाळा काढतात आणि वसंतात पुन्हा डोके वर काढतात. मॉस्कोच्या त्या आगीनंतर रशियाने हजारो हेक्टर दलदलीतले चर बुजवून पाणी परत भरले. सुकवायला खर्च केला, आणि भिजवायलाही केला.

शेतकऱ्यांनी ऐकावी अशी दुसरी गोष्ट इंडोनेशियातली आहे. बोर्निओ बेटावर मध्य कालिमंतान प्रांतात दाट रानाखाली पीटचे जाड थर आहेत. तिथे दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायचे सरकारने ठरवले आणि १९९६ साली हजारो किलोमीटरचे कालवे खणले. भात काही झाला नाही. ती आंबट, निकस जमीन भाताची नव्हेच. पण कालव्यांनी पाणी उतरले, पीट सुकले. लगेच पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, मोठा दुष्काळ पडला आणि आगी लागल्या. त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीटमधून आणि रानांतून जो कर्ब हवेत गेला, तो जगभरच्या कोळसा-तेलाच्या त्या काळच्या वर्षभराच्या धुराच्या निदान आठव्या हिश्श्याइतका होता. काही अंदाज तर पाच भागांत दोन भागांपर्यंत जातात. योजना दोन-तीन वर्षांत गुंडाळली. कालवे राहिले.

इतके फिरून आता परत गोरेगावच्या चिखलाकडे येतो.

आपले खाजण म्हणजे पीट नव्हे. ती बहुतांशी खाडीने आणि नद्यांनी आणलेली गाळाची माती आहे. तीत पाला, मुळे, लाकूड मिसळलेले असते. पण तत्त्व तेच आहे. भरती दिवसातून दोनदा येऊन बरणीचे झाकण लावून जाते. तिवराच्या मुळांना श्वास घ्यायलासुद्धा जमिनीत हवा मिळत नाही, म्हणून ती पेन्सिलींसारखी चिखलातून वर डोके काढून उभी राहतात. कोणीही ओहोटीला जाऊन पाहावे. चिखलात हवा नाही याचा याहून साधा पुरावा नाही. उलट खाजणाला एक जास्तीची सोयही आहे. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात. त्यांच्यावर जगणारे जीव मिथेन करणाऱ्या जीवांना वर येऊ देत नाहीत. त्या कुजक्या अंड्याच्या वासाचे कारण हेच गंधक. वास येतो, पण मिथेन कमी होते. मात्र गटाराचे गोडे पाणी आणि मैला जितका जास्त, तितका हा तोल बिघडतो, हेही सांगून ठेवतो.

हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या काठच्या पंचवीस ठिकाणची कांदळवने मोजून २०११ साली शास्त्रज्ञांनी हेक्टरी सरासरी सुमारे एक हजार टन कर्ब काढला. त्यातला मोठा भाग झाडांत नव्हता, मुळांखालच्या चिखलात होता. ही सरासरी मोठ्या, जुन्या, खोल चिखलाच्या वनांची आहे. आपल्या मुंबईची मातकट खाजणे त्या तोडीची नाहीत, आणि कोणी तो आकडा उचलून मालाडच्या खाडीला लावला तर मी त्याला मान्यता देणार नाही. शिवाय जगातली सगळी कांदळवने मिळून दीड लाख चौरस किलोमीटरही भरत नाहीत. उत्तरेकडच्या ३७ लाखांपुढे ती कितीशी? महाराष्ट्राची तर २०२१ च्या वनसर्वेक्षणाप्रमाणे ३२४ चौरस किलोमीटर. गोरेगावच्या तिवरांनी सैबेरिया थंड होईल असे म्हणणे म्हणजे पोरखेळ आहे.

तरीपण एक गोष्ट पक्की आहे. उभे झाड तोडले तर आपल्याला ते दिसते, त्याचा पंचनामा होतो, आकडा वर्तमानपत्रात येतो. खालचा चिखल उपसला, त्यावर भराव टाकला, किंवा भरतीचे पाणी अडवले, तर तिथे शेकडो वर्षे पुरलेला कर्ब हवेला मिळू लागतो; त्याचा पंचनामा कोणी करत नाही. वर्सोव्यापासून दहिसर-भाईंदरकडे किनाऱ्याने न्यायच्या रस्त्याच्या मार्गात ही तिवरे येतात. रस्ता नको असे मी म्हणत नाही, एस. व्ही. रोडवर संध्याकाळी तासभर अडकून पडलेला माणूस तसे म्हणूच शकत नाही. पण तोडलेल्या झाडांबद्दल दुसरीकडे तेवढीच किंवा तिप्पट झाडे लावू, असे जेव्हा सांगतात, तेव्हा विचारावेसे वाटते, की चिखलाचे काय? कोरड्या जमिनीवर लावलेले रोप लाकूड करील, सावली देईल. पण त्याचा पाला वर्षा-दोन वर्षांत कुजून हवेत जाईल. खाजणाची भरपाई खाजणानेच होते, आणि तीसुद्धा भरतीचे पाणी पोचते अशा जागी, पन्नास-शंभर वर्षांनी.

कायदा या बाबतीत कमी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडण्यास आणि त्याच्या पन्नास मीटरांत बांधकाम करण्यास बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. २०२० साली पांढरी चिप्पी हे राज्याचे कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाले. तरी रात्रीच्या वेळी डंपर येऊन राबीट टाकून जातो, हे उपनगरातल्या माणसाला सांगायला नको.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती खेड्यातल्या श्रोत्यांची आहे. कोकणात बाप-आज्यांनी खाडीला बांध घालून, उघाड्या बसवून खारजमीन भाताखाली आणली. बांधबंदिस्तीसाठी १९४८ चा आणि पुढे १९७९ चा असे दोन कायदेही झाले. पूर्वी गावकीने श्रमदानाने बांध राखला जाई. तो सुटला. अलिबाग-पेणकडे बांध फुटले, भाताच्या खाचरांत खारे पाणी शिरले आणि काही वर्षांत तिथे तिवरे उभी राहिली. आता शेतकरी म्हणतो, ही माझ्या नावावरची जमीन, सात-बारा माझा. आणि कायदा म्हणतो, तिवराला हात लावू नकोस. शहराने वर्षानुवर्षे खाजणे बुजवून इमले बांधले आणि कर्ब सांभाळायची जबाबदारी मात्र या पाच गुंठ्यांच्या धन्यावर आली, हा न्याय मला पटत नाही. त्या जमिनीने कांदळवन म्हणून राहावे असे समाजाला वाटत असेल, तर त्याचे मोल त्या शेतकऱ्याच्या हातात पडले पाहिजे. जिताडा, कोळंबी, चिंबोरी, कालवे यांचे उत्पन्न त्याला कांदळवनातूनच घेता येईल अशा योजना आहेत. चिंबोऱ्यांची जोपासना काही गावांनी केलीही आहे. पण भाताच्या कोठाराशी त्याची बरोबरी व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

समुद्राची पातळी वाढते आहे, हीही गोष्ट विसरून चालणार नाही. तिवरांची मुळे गाळ अडवतात आणि चिखलाचा तळ हळूहळू उंच करतात. पाणी सावकाश चढले तर खाजण त्याच्याबरोबर चढते. फार वेगाने चढले तर खाजणाला मागे, जमिनीकडे सरकावे लागते. गोरेगावात ते मागे सरकले, तर त्याला भिंत आडवी येते.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सांगून रजा घेतो. जगभर शास्त्रज्ञ आणि शाळकरी मुले मिळून जमिनीत चहाच्या पुड्या पुरतात आणि तीन महिन्यांनी काढून वजन करतात. ही रीत २०१३ साली प्रसिद्ध झाली. आपल्याला चहाही नको. आंब्याची गळलेली पाने उन्हात कडक वाळवा, चुरा आणि दहा-दहा ग्रॅमच्या दहा पुरचुंड्या बांधा. आषाढात पाच पुरचुंड्या वरकस जमिनीत वीतभर खोल पुरा, आणि पाच भाताच्या खाचरात, जिथे पाणी उभे राहते तिथे, तेवढ्याच खोल पुरा. खाडीकाठच्या शाळांनी आणखी पाच तिवरांच्या चिखलात पुराव्यात. मात्र भरती-ओहोटीच्या वेळा आधी कोळी बांधवांना विचाराव्यात आणि मुलांना एकटे पाठवू नये. जागेवर काठी रोवून खूण ठेवा. खाचरातले पाणी सोडण्यापूर्वी, नवरात्राच्या आसपास, सगळ्या काढा, हलक्या हाताने धुवा, वाळवा आणि सोनाराच्या किंवा प्रयोगशाळेच्या काट्यावर तोला. आकडे फळ्यावर मांडून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा करा. पुरचुंडीला कापड मात्र मच्छरदाणीच्या नायलॉनचे घ्यावे. सुती घेतले, तर वरकस जमिनीत पानांच्या आधी ते कापडच नाहीसे होईल.